कुंभार्ली घाटातून लिनक्स

सोबत काय काय घेतलं याची यादी प्रवासवर्णनात आधी द्यायची असते. माझी यादी आटोपशीर आहे: दोन कपडे, आईने मामींसाठी दिलेली बाकरवडी आणि एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. ही तिसरी वस्तू शर्टाच्या खिशात होती. लिनक्स मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती चढवली तरी अर्ध्याहून जास्त जागा उरते. स्वारगेटहून सुटलेल्या गुहागर गाडीत एवढी ऐसपैस जागा दुसऱ्या कुणालाच मिळाली नव्हती.

निमित्त मामांच्या लॅपटॉपचं. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि मामांचं यंत्र तिच्या आधीच्या पिढीचं. "नवा घ्या," असं मी फोनवर सुचवून पाहिलं. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवलं तेव्हा मीही ठणठणीतच होतो." यावर उत्तर नसतं. एसटीचं तिकीट काढावं लागतं.

उंब्रजला गाडीने हायवे सोडला आणि शेजारच्या आजोबांनी चौकशी सुरू केली. कुठले, कुणाचे, कशाला चाललात.

"मामांचा लॅपटॉप नीट करायला."

"हत्यारं कुठायत?"

मी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यांनी टोपण उघडून आत डोकावून पाहिलं, फुंकर मारली, टोपण लावलं. पण परत मात्र दिला नाही. पाटण गेलं. कोयनानगर जवळ आलं तशी त्यांना १९६७ च्या भूकंपाची आठवण झाली. कौलं कशी खडखडली, भिंत कशी डोलली, हे सगळं ते हातातला पेनड्राइव्ह गदागदा हलवून दाखवत होते. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत लिनक्सची इतकी कसून चाचणी झाली नसेल. पुढे कुंभार्ली घाट लागला, आजोबांना डुलकी आली आणि मी त्यांच्या मुठीतून मिंट अलगद सोडवून घेतलं.

मामांकडे पोचल्यावर चहाआधी कामाला लागावं लागलं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला की कंपनीचं चिन्ह झळकतं. ते मावळायच्या आत नेमकी कळ दाबायची. कुणाची एफ-१२, कुणाची एफ-९, कुणाची एस्केप. मामा खुर्चीमागे उभे राहून "आता!" म्हणत, तोवर विंडोज हात जोडून हजर झालेलं असे. शेवटी मामांचं "आता" यायच्या आधीच मी कळ ठोकत राहिलो, तेव्हा कुठे बूट मेनू उघडला आणि त्यात पेनड्राइव्हचं नाव दिसलं.

मिंट उघडलं. ते अजून नुसतं पेनड्राइव्हवरूनच चाललंय, हार्ड डिस्कला त्याने बोटही लावलेलं नाही, हे मी समजावलं.

"म्हणजे पाव्हणा अजून ओटीवरच आहे," मामा म्हणाले. "मग बसू दे. बघू कसा वागतो."

त्याची तोंडी परीक्षा सुरू झाली. वायफाय, आवाज, प्रिंटर, तिन्हींत पास. मग कूळ-गाव विचारलं. मी म्हटलं, लिनस टोरवाल्ड्स, १९९१, हेलसिंकीतला विद्यार्थी.

"साठ अंश उत्तर. ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा. घरात बसून पोरगं दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी पाहुण्याला घरात घ्यायचं ठरलं. मामांच्या फाइली, फोटो, झाडून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं होतं. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, म्हणून मामींनी टीव्हीची पिन काढून इन्व्हर्टरचा पॉइंट आम्हाला दिला. म्हणजे दुपारच्या मालिकेवर पाणी सोडलं. भाषांच्या यादीत मराठी होती, ती निवडली. मग प्रश्न आला: विंडोजशेजारी बसवू की डिस्क पुसून?

"शेजारी नको," मामा तत्काळ म्हणाले. "आमच्या एका कलमाला अकरा हिस्सेदार आहेत. इथे तरी एकाचंच नाव राहू दे."

डिस्क पुसायला सुरुवात झाली आणि इन्स्टॉलरने जगाचा नकाशा उघडून विचारलं, राहता कुठे? मी कोकण किनाऱ्यावर टिचकी मारली. चौकटीत उमटलं: कोलकाता.

भूगोलाच्या मास्तरांसमोर हे घडायला नको होतं. मी सांगून पाहिलं की वेळक्षेत्रांच्या यादीत भारतासाठी 'आशिया/कोलकाता' हे एकच नाव आहे. पण मामा पेटले होते. "भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची. ते जातं मिर्झापूरजवळून. कोलकात्याचा काय संबंध? अरे, मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १९५५ पर्यंत चालली ती!"

"अहो, वीज जायच्या आत त्या कोलकात्याला हो म्हणा," आतून मामी म्हणाल्या. "इन्व्हर्टरलाही म्हातारपण आलंय."

मामांनी स्वतः पुढे होऊन, तोंड वाकडं करून, कोलकाता मान्य केलं.

पट्टी हळूहळू भरली. पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा, अशी आज्ञा झाली. यंत्र नव्याने उठलं, पूर्वीपेक्षा चपळ. मामांनी पहिली फाइल उघडली ती कुळवृत्तांताची. मूळ पुरुषाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि एक डॉलर. सात पिढ्या तशाच. फाइल युनिकोडच्या आधीच्या जमान्यातली. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवत. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते.

मामी डोकावल्या. "यांच्या घरातलं कोण काय बोलतं, ते आधी तरी कुणाला कळत होतं?"

पण मामांनी तो फॉन्टही बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवलेला. तो मिंटच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, फाइल बंद करून उघडली, आणि सगळं घराणं देवनागरीत उभं राहिलं.

निघताना पेनड्राइव्ह शोधू लागलो. तो मामांच्या सदऱ्याच्या खिशात होता आणि मामा स्कूटरला किक मारत होते. पालशेतच्या जुन्या सहकाऱ्याचा लॅपटॉपही तसाच ठणठणीत आणि तसाच निवृत्त होता.

"मामा, माझा पेनड्राइव्ह?"

"तुला पुण्यात दुसरा मिळेल. इतक्या लांबून आलाय तो, वेळणेश्वर-हेदवी बघितल्याशिवाय कसा परत पाठवू?"