भावाप्रमाणे भजे

पिशोरच्या शिवारात मका, कपाशी आणि अद्रक पिकते आणि या तिन्हींच्या बाजारभावावर नाना पोसले जातात. नाना एकटे नाहीत. अंजना नदीच्या दोन्ही अंगांना, गल्लीगणिक एक सापडेल. पांढरा सदरा, गळ्याचं बटण हौसेनं उघडं, पोटावरचं नाइलाजानं.

नानांना आहारातलं कळत नाही असं कुणी म्हणू नये. २०१८ साली राज्य सरकारनं लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केलं, तेव्हापासून नाना पक्के दीक्षितपंथी. दिवसातून दोनदा जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं. यातलं ‘आत’ नानांनी सोडून दिलं. ५५ मिनिटं मंजूर झालीत म्हटल्यावर ती पुरती वापरली पाहिजेत, नाहीतर निधी परत जातो, ही त्यांची पंचायत समितीत मुरलेली समजूत. सून आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूची, दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारी. दोघांचा वाद रंगला की ऐकणाऱ्याला भूक लागते.

एवढं करूनही नानांचं वजन उतरत नाही, याचं कारण त्यांच्या हिशोबाच्या वहीत आहे. ताटात, पाटावर बसून खाल्लं तेच खाणं. कागदावर, उभ्यानं किंवा मुठीत आलेलं खात्यावर पडत नाही. चिवड्याचा पत्र्याचा डबा उघडताना ते बघावेत. डाव्या हातानं झाकण दाबून धरायचं, उजव्या अंगठ्यानं कड उचलायची आणि नेमक्या त्या क्षणाला खोकायचं. खोकल्याचं औषध घरात तीन वर्षांपासून आहे, बाटली अजून भरलेली.

आणि खायला निमित्त लागतं, भूक नव्हे. २०२३ साली अद्रकीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा नानांनी स्टँडवरच्या हॉटेलात जिलेबी वाटली. वाटणाऱ्यानं आधी चाखायची असते म्हणून सुरुवात स्वतःपासून. पुढे भाव कोसळला. मग त्याच हॉटेलात, त्याच बाकड्यावर, दुःखाचे भजे. कंदाला सड लागली की शेव. जावयाचा फोन आला नाही की चिवडा. आला, की जरा जास्तच चिवडा. एकादशीला तर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि “दुप्पट खाशी” म्हणणाऱ्यांवर राग. त्या रागाचं पुन्हा वेगळं खाणं. कुणी टोकलंच तर नाना शांतपणे सांगतात, “ते खाणं नव्हतं रे, तो वैताग होता.”

एका बाबतीत मात्र मी नानांच्या बाजूचा. शेतीपंपाची लाईट आळीपाळीनं येते, एक पाळी दिवसाची, एक रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात नाना बॅटरी घेऊन बारे देत फिरतात आणि दिवसा चौपट खातात. यात चोचले कमी, शरीर जास्त. झोप तुटली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि ‘पुरे’ सांगणारं लेप्टिन घटतं. काळजीनं वाढणारं कॉर्टिसॉल गोड-तेलकटाकडेच ओढतं. शहरातले सल्लागार “रात्री दहाला झोपा” म्हणतात. त्यांनी हे मोटार चालू करायच्या वेळेला येऊन सांगावं.

पण नानांचा खरा शत्रू सोमवार. सोमवारी भजे बंद, शेव बंद, साखर बंद, चहा बिनदुधाचा. बुधवारी भावाची बातमी येते आणि एक भजं तोंडात जातं. शहाणा माणूस तिथं थांबेल. नाना म्हणतात, “मोडलंच आहे तर नीट मोडू.” मग रविवारपर्यंत नीट मोडतात. जितकी कडक बंदी तितका मोठा फडशा, हे आहारतज्ज्ञ सांगतात. पिशोरचा हॉटेलवाला हे आधीपासून जाणून आहे. मंगळवारी तो बेसन कमी भिजवतो, गुरुवारी जास्त.

गावात तपासणी शिबिर झालं तेव्हा तिथल्या ताईंनी नानांच्या कमरेला टेप लावली. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. नानांनी श्वास आत ओढून धरला. ताईंनीही घाई केली नाही, टेप धरून उभ्या राहिल्या. शेवटी नानांनी श्वास सोडला तेव्हा टेप ताईंच्या हातातून निसटली.

त्यानंतर नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कारभार हाती घेतला. भाषण नाही, बंदी नाही. चिवड्याचा डबा माळ्यावर गेला, शिडीशिवाय हात पोचू नये इतका वर. खाली फुटाणे आणि पेरू आले. रात्रपाळीच्या दिवशी दुपारी तासभर झोप सक्तीची. आणि नाना स्वयंपाकघरात घुटमळू लागले की एकच प्रश्न:

“भूक लागली का हो? सकाळची भाकर आहे, ठेचा आहे. वाढू?”

“नको. भाकरीची नाही लागली.”

“मग भूक नाही ती. काय झालं सांगा.”

नाना पहिल्या दिवशी चिडले, दुसऱ्या दिवशी सांगायला बसले. अद्रकीचं बेणं, सोसायटीचं कर्ज, जावई. सांगता सांगता अर्धा तास गेला आणि भज्यांची तलफ कुठल्या कुठे गेली. आता रोज संध्याकाळी ते काकूंना घेऊन नदीच्या रस्त्यानं चालायला जातात. चालतात काकू, नाना बोलतात. सदऱ्याचं बटण अजून लागत नाही, पण लागल्यासारखं दिसतं.

अडचण एवढीच की काकूंचा हा प्रश्न नानांना भलताच आवडला. परवा स्टँडवर एक तरुण शेतकरी पडेल चेहऱ्यानं भज्यांची प्लेट घेऊन बसला होता. नानांनी शेजारी बूड टेकवलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “शिळी भाकर चालेल का रे?” पोरगा गोंधळून नाही म्हणाला. “मग ही भूक नव्हे,” नाना म्हणाले आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून प्लेट स्वतःकडे ओढून घेतली.