कोल्डप्ले मंडळींस लोहारेकराचे अनावृत पत्र

प्रति,
श्री. ख्रिस मार्टिन, गिटारवाले श्री. जॉनी बकलंड, बेसवाले श्री. गाय बेरीमन आणि ड्रमवाले श्री. विल चॅम्पियन,
मुक्काम लंडन.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपण स्वतःच्या गावी, वेम्ब्लीच्या स्टेडियमवर, दहा रात्री गायलात ही बातमी लोहाऱ्यापर्यंत पोचली. भूमिगत रेल्वेच्या संपामुळे रसिकांना घरी परतायला गाडी मिळणार नाही, म्हणून आपण 7 आणि 8 सप्टेंबरच्या मैफली हलवल्या, एक 6 तारखेला आणली आणि दुसरी 12 वर नेली, हेही कळलं. लोहारेकराला गाण्यापेक्षा ही दुसरी बातमीच जास्त भावली. गाडी नाही म्हणून तारीख बदलायची, हा नियम यवतमाळ जिल्ह्याला लावला असता तर इथे कित्येक वर्षांत साधं हळदीकुंकूही झालं नसतं.

लोहारा म्हणजे यवतमाळला खेटून, दारव्हा रोडवर वसलेलं गाव. नकाशात ते आपल्याला सापडणार नाही, पण आपल्या रसिकांच्या अंगावर कदाचित सापडेल. इथल्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. बेल्जियमच्या युको कंपनीशी पुढे त्याची भागीदारी झाली आणि इथलं निळं कापड परदेशातही जाऊ लागलं. नवी मुंबईच्या मैफलीत आपल्यासमोर उड्या मारणाऱ्यांपैकी एकाच्याही पायात लोहाऱ्याची जीन्स नव्हती, असं छातीठोकपणे कोण सांगेल? म्हणजे लोहारा आपल्या मैफलीला हजर होता. फक्त लोहारेकर तेवढा नव्हता.

तो काहून नव्हता, याचा खुलासा करणं भाग आहे.

22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारचे बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या तिकिटांची विक्री सुरू झाली. विकणाऱ्यांच्याच आकड्यानुसार त्या दिवशी सुमारे 1 कोटी 30 लाख लोक रांगेत होते, आणि मैदानात एका वेळी मावणारी माणसं पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास. आपण उदार मनाने 18 आणि 19 जानेवारीला जोडून 21 तारीखही दिलीत. तरी हिशेब कुठे लागतो! लोहारेकराने मोबाइल चार्जिंगला लावून, घरच्या सगळ्यांचं नेट बंद करून रांग धरली. पडद्यावर त्याच्या पुढे काही लाख माणसं होती. रेशनच्या रांगेत निदान पुढच्याची पाठ दिसते, भांडता येतं, ‘मी इथंच होतो राजेहो’ म्हणून घुसता येतं. इथे नुसता आकडा. पुढे तीच तिकिटं काळ्या बाजारात लाखांच्या भावाने फिरू लागली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे असं सांगून न्यायालयाने जानेवारीत याचिका निकाली काढली. कायदे करणारे तेव्हा कुठे होते, याची चौकशी लोहारेकराने केलेली नाही. त्यांच्यापैकी काहींना तिकीट मिळालं असावं, असा त्याचा नुसता अंदाज आहे.

दरांबद्दल तक्रार नाही. त्या विक्रीत सगळ्यात स्वस्त तिकीट 2,500 रुपयांचं, सगळ्यात महाग 35,000 चं. यवतमाळात माणूस कुठलाही पैसा आधी कापसात मोजतो. 2024-25 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे शेवटच्या रांगेतून आपल्याला मुंगीएवढं पाहायला सुमारे 33 किलो कापूस आणि जवळून पाहायला साडेचार क्विंटलांहून थोडा जास्त. तोही हमीभाव मिळाला तर. खासगी व्यापाऱ्याने ओलावा काढला की आपण आणखी चार पावलं लांब गेलात म्हणायचं. गरिबांसाठी आपण नोव्हेंबरात 2,000 रुपयांची तिकिटंही काढली होती. त्यांत जागा कुठली ते आधी सांगत नाहीत, त्या दिवशी खिडकीवर गेल्यावर कळतं. ही पद्धत लोहारेकराला अजिबात परकी वाटली नाही. सरकारी घरकुलापासून विहिरीपर्यंत सगळं त्याला याच रीतीने मिळतं, किंवा मिळत नाही.

आता गाडीचं.

यवतमाळला एक रेल्वे होती, शकुंतला तिचं नाव. मूर्तिजापूरपर्यंत जाणारी अरुंद रुळांची ही गाडी आपल्याच देशातल्या कंपनीच्या मालकीची, वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी बांधलेली. तिचं 1921 सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. ते 1994 पर्यंत राबलं. मग डिझेल आलं, मग गाडीच थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत पोचला. कापसाला साहेबाने घरापासून गाडी दिली होती. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला मैफलीला जायचं तर आधी एसटीने धामणगाव गाठावं लागतं. तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी ठाणे, ठाण्याहून नेरूळची लोकल, आणि मग स्टेडियमसमोर दुपारपर्यंत सावली शोधत बसणं. सुमारे सातशे किलोमीटर झाले. समृद्धी महामार्ग आहे म्हणाल, तर आपण आलात तेव्हा तो इगतपुरीलाच संपत होता. रात्री दहाला आवाज बंद करण्याचा कायदा असल्याने आपण वेळेत आटपलंत, वाशी-पनवेलची मंडळी साडेअकराला घरी जेवायला बसली. लोहारेकराने कुठे जावं? नेरूळच्या फलाटावर चादर टाकणं हाही रॉक संस्कृतीचा भाग असेल, तर तसं तिकिटावर छापावं.

मुंबईने अशा पाहुण्यांची सरबराई पूर्वीही केली आहे. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचून गेला (तो रॉक बँडवाला नव्हे, पण गर्दी तीच). शिव उद्योग सेनेने भरवलेल्या त्या कार्यक्रमाचा हेतू मराठी तरुणांना रोजगार मिळावा हा होता. सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, आणि त्या तीन कोटींहून अधिक कराचं घोंगडं भिजत भिजत जानेवारी 2021 पर्यंत आलं. तेव्हाच्या मंत्रिमंडळाने तो पुन्हा माफ केला. गायक 2009 मध्येच वारला होता. त्याच 1996 साली ख्रिसभाऊ आणि जॉनीभाऊ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकमेकांना पहिल्यांदा भेटत होते, आणि त्याच सुमारास लोहाऱ्यात डेनिमचे माग उभे राहत होते. मराठी तरुणांच्या रोजगारासाठी मायकेल जॅक्सनपेक्षा त्या मागांनी जास्त केलं, असं म्हटलं तर जॅक्सनचे चाहते रागावतील. रागावोत बापडे.

तेव्हा विनंती अशी की, पुढची मैफल लोहाऱ्यात घ्यावी.

जागेची काळजी नको. नवरात्रात यवतमाळची दुर्गादेवीची आरास पाहायला शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात. मांडववाले, जनरेटरवाले, चहावाले सगळे तयारीचे आहेत. जानेवारी 2019 मध्ये इथे 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. हां, एक अडचण आपल्या कानावर घातलेली बरी. त्या संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि नंतर येऊ नका म्हणून कळवलं. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठी संमेलनाला कशाला, असा विरोध झाला होता. शेवटी उद्घाटन याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी महिलेने केलं, आणि ते झालं चांगलंच. आपण तर इंग्रजीत गाता. पण नवी मुंबईत मराठीत चार वाक्यं बोललात, तेवढ्यावर निभावून जाईल. तरी गाण्यांचे शब्द आधी समितीकडे पाठवून ठेवावेत. पिवळ्या रंगाच्या गाण्याला आक्षेप नसावा. हळदीचा जिल्हा शेजारीच आहे.

विजेचंही आपणच बघावं. आपल्या दौऱ्यात नाचणाऱ्यांच्या पावलांनी वीज तयार करणारी जमीन असते, सायकली मारून बॅटऱ्या भरतात, असं वाचलं. ही जमीन मैफलीनंतर इथेच ठेवून जावी. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळते, आणि टॉर्च घेऊन गव्हाला पाणी द्यायला शेतकरी बारा वाजता बांधावर असतोच. साप दिसला की तो आपोआप नाचतो, त्या पावलांवर एखादा पंप सहज चालेल. प्रत्येक तिकिटामागे आपण एक झाड लावता, त्याला मात्र पाणी कोण घालणार ते ठरवून घ्यावं.

शेवटी पैशाचं. वेम्ब्लीच्या कमाईतला दहावा हिस्सा आपण ब्रिटनमधल्या लहान लहान गाण्याच्या जागा जगवणाऱ्या ट्रस्टला दिलात. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन होतं, तिथे 1986 पासून इंडिपेन्डन्स रॉकचे कार्यक्रम गाजले. शांतता क्षेत्राच्या नियमाने ते मुकं झालं. रंगभवनाचं मुंबईकर बघतील. नवी मुंबईच्या तीन रात्रींतला दहावा हिस्सा मात्र लोहाऱ्याकडे वळवावा. शाळेच्या पटांगणात एक पक्कं स्टेज, दोन मोठे स्पीकर आणि एक ड्रमसेट, इतकीच मागणी आहे. गणपतीत ढोल वाजवणारी पोट्टी त्यावर काय करतात, ते बघायला विलभाऊंनी स्वतः यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समस्त लोहारेकर

प्रत माहितीसाठी: विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, यवतमाळ यांना. मैफलीच्या रात्री दारव्ह्याकडे जाणारी शेवटची बस शेवटचं गाणं होईपर्यंत थांबवून ठेवावी. चालकाला पास देण्यात येईल, वाहकाने तिकीट काढावं.