मुलांसाठी म्हणून

मुंबईहून क्रूझ लक्षद्वीपला निघते, तेव्हा आईबाबांच्या डोळ्यांपुढे निळंशार पाणी असतं आणि मुलांच्या डोळ्यांपुढे डेकवरचा तरणतलाव. चहूबाजूंनी अरबी समुद्र पसरलेला, आणि पोरं कंबरभर क्लोरीनमध्ये डुंबतायत. चिरंजीव बुफेत दोन्ही वेळा फक्त फ्रेंच फ्राइज घेतात. पैसे वसूल व्हावेत म्हणून बाबा त्यांच्या वाटणीचंही जेवतात.

लक्षद्वीपची बेटं 36, वस्ती 10 बेटांवर, सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. जायला परवाना लागतो. प्रवाळामुळे मोठं जहाज बाहेरच थांबतं, किनारा छोट्या होडीतून गाठायचा. एवढा खटाटोप करून पांढऱ्याशुभ्र वाळूवर पाय ठेवावा, तर धाकटी विचारते, "बाबा, इथे घसरगुंडी कुठाय?" थोरल्याला नेमकी तेव्हाच शू लागते. आई सनस्क्रीनची ट्यूब घेऊन दोघांच्या मागे धावते. प्रवाळ पाहायचं राहतं ते राहतंच.

परतल्यावर सोसायटीत ठरलेलं उत्तर: "आम्ही काय, मुलांसाठी गेलो होतो हो!" मुलांना विचारलं, सगळ्यात काय आवडलं? दोघं एका सुरात म्हणाली, "लिफ्ट!" ती आपल्या इमारतीतही आहे. परवानाही लागत नाही.