श्रवणसुधारक गृहस्थ

मराठी मध्यमवर्गातील छांदिष्टांची वर्गवारी करताना नाणी जमवणारे, दर पावसाळ्यात तोच किल्ला पुन्हा चढणारे आणि मिसळीच्या शोधात रविवारी सकाळी दुसऱ्या तालुक्यात जाणारे अशा जातींची नोंद न चुकता होते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुणे, ठाणे, डोंबिवली आणि नाशिक येथील दोन खोल्या-स्वयंपाकघरांच्या सदनिकांत उदयास आलेल्या एका जातीकडे अभ्यासकांचे अद्याप द्यावे तितके लक्ष गेलेले नाही. या जातीस सोयीसाठी ‘श्रवणसुधारक’ म्हणता येईल. श्रवणसुधारक वयाने साधारण चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यानचा, व्यवसायाने बहुधा अभियंता किंवा बँकेतील अधिकारी आणि स्वभावाने मितभाषी व काटकसरी असतो. कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांना घेताना तो दोनदा विचार करतो, मात्र कानांवर चढवायच्या वस्तूची किंमत तो रुपयांत मोजत नाही, तर ‘मागच्यापेक्षा थोडीशीच जास्त’ या स्वतंत्र एककात मोजतो.

त्याच्या उपासनेचा विषय म्हणजे ओपन-बॅक हेडफोन. बंद पाठीच्या नेहमीच्या हेडफोनमध्ये कानावर बसणाऱ्या वाटीची बाहेरची बाजू भरीव असते, त्यामुळे आतल्या कंप पावणाऱ्या पडद्यामागून निघालेला आवाज आतच कोंडतो आणि भिंतीवर आपटून परत फिरतो. ओपन-बॅक प्रकारात ही बाहेरची बाजू जाळीची ठेवलेली असते, मागचा आवाज तेथून मोकळा निघून जातो, आणि गाणे कवटीच्या आत न वाजता डोक्याच्या आसपास कोठेतरी चालले आहे असा भास होतो. या भासाला जाणकार ‘साउंडस्टेज’ म्हणतात आणि तो किती हात रुंद आहे यावर त्यांची मैत्री व वैर ठरते. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ साली पिवळ्या स्पंजाच्या गाद्या लावलेला एचडी ४१४ हा या प्रकारचा पहिला हेडफोन बाजारात आणला. सदनिकेत मोठे स्पीकर लावले तर वरचा, खालचा आणि शेजारचा असे तीन शेजारी एकाच वेळी दुखावतात. त्यामुळे स्पीकरची मोकळीक हवी पण शेजाऱ्यांशी भांडण नको, अशा समंजस माणसाला हे साधन आपल्यासाठीच घडवले आहे असे वाटल्यास नवल नाही.

तथापि जी जाळी आतला आवाज बाहेर सोडते तीच बाहेरचा आवाज आत घेते, आणि श्रवणसुधारकाच्या जीवनातील सर्व नाट्य या एका भौतिक सत्यातून निर्माण होते. फ्रिट्झ सेनहायझर यांनी १९४५ साली हॅनोव्हरजवळच्या ज्या वेनेबोस्टेल गावी आपली प्रयोगशाळा थाटली, तेथे संध्याकाळी काय ऐकू येत असेल ते असो; डोंबिवलीत पाण्याचा पंप, कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीवरचे गाणे, मिक्सर, वरच्या मजल्यावरचे फरशी कापण्याचे यंत्र आणि दूरचित्रवाणीवरील मालिकेतील सासूचा पार्श्वसंगीतासह होणारा प्रवेश हे सर्व त्या जाळीतून विनाअडथळा आत येते. यावर त्याने शोधलेला उपाय रात्री अकरानंतर ऐकण्याचा आहे. त्या वेळीही छताच्या पंख्याची घरघर उरतेच, आणि ती नेमकी तानपुऱ्याच्या खर्जाच्या आसपास येऊन बसत असल्यामुळे पंखा बंद करणे क्रमप्राप्त होते. मग ऐन वैशाखात, बनियनवर, कानांभोवती मखमली गाद्या आवळून घामाने डबडबलेला हा गृहस्थ ‘हवेशीर’ आवाजाची वाखाणणी करत बसलेला आढळतो. (‘हवेशीर’ हा या पंथातील पारिभाषिक शब्द असून तो ट्रेबलच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, मोकळेपणाविषयी आहे, खोलीविषयी नाही.)

रात्रीच्या शांततेत जाळीचे दुसरे कार्य, म्हणजे गळती, घरातील इतरांच्या लक्षात येते. पत्नीची तक्रार साधी असते: “अहो, ते चिरचिरणं बंद करा आता, उद्या माझी सहाची गाडी आहे.” यावर श्रवणसुधारक अत्यंत शास्त्रशुद्ध उत्तर देतो की, “तुला ऐकू येतंय ती हेडफोनची मागची बाजू आहे, त्यावरून मत बनवू नकोस.” वस्तुतः त्या घरातील निःपक्ष परीक्षक तीच असते, कारण वर्षानुवर्षे बदलत गेलेले सर्व हेडफोन तिने अंधारात, त्यांची नावे व किमती न जाणता ऐकलेले असतात, आणि ते सर्व सारखेच चिरचिरतात हा तिचा निष्कर्ष आजवर कोणी खोडून काढलेला नाही.

सुधारणेचा आरंभ नेहमी निरुपद्रवी असतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० किंवा सेनहायझरचा एचडी ६०० यांपैकी एखादा घरात येतो, आणि ‘आता आयुष्यभर पाहायला नको’ असे वाक्य उच्चारले जाते. लवकरच कळते की एचडी ६०० चा इंपीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला त्याच्या वेटोळ्याकडून होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि मोबाइलला तेवढा विद्युतदाब पुरवणे जड जाते. म्हणून अ‍ॅम्प, म्हणजे संकेत वाढवून देणारी पेटी, घ्यावी लागते. अ‍ॅम्प आला की त्याला मिळणारा संकेतच गढूळ असल्याची शंका येते, म्हणून डॅक, म्हणजे आकड्यांच्या स्वरूपातील संगीताचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी दुसरी पेटी, येते. पुढे दोन्ही कानांचे मार्ग शेवटपर्यंत वेगळे ठेवणारी ‘बॅलन्स्ड’ वायर येते आणि तिच्यासाठी वेगळ्या मापाचे छिद्र असलेला नवा अ‍ॅम्प येतो. प्रत्येक खरेदीचे समर्थन आधीच्या वस्तूला ‘न्याय देणे’ या एकाच क्रियापदाने केले जाते, आणि या न्यायदानात आरोपी कधीच सुटत नाही. खरे पाहता पुरेसा मोठा आवाज देणारा साधा अ‍ॅम्प मिळाल्यावर उरलेल्या पेट्यांमुळे पडणारा फरक बहुतेकदा कानांच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदारसुद्धा खाजगीत तसे सांगेल. परंतु न्याय ही गोष्ट कानांनी मोजायची नसते.

या प्रवासात कंपन्यांचे सहकार्य मोलाचे ठरते. सेनहायझरने १९९७ च्या एचडी ६०० नंतर २००३ साली एचडी ६५० काढला आणि दोन्ही ३०० ओहमचेच ठेवले. २०१७ च्या एचडी ६६०एस मध्ये हा आकडा १५० वर आणला, तेव्हा मोठ्या अ‍ॅम्पची गरज संपली असे मानून अनेकांनी तो विकला. २०२३ च्या एचडी ६६०एस२ मध्ये आकडा पुन्हा ३०० झाला आणि विकलेल्या अ‍ॅम्पचा शोध सुरू झाला. मूळच्या व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीच्या के ७०१ या मॉडेलने तर आणखी वेगळी कसोटी घेतली, कारण त्याच्या डोक्यावरच्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूस उंचवटे होते. श्रवणसुधारकाच्या वयोगटात टक्कल सर्रास आढळत असल्यामुळे, त्या काळात सकाळी कचेरीत आलेल्या साहेबांनी रात्री काय ऐकले हे त्यांच्या माथ्यावरील खळग्यांवरून ओळखता येत असे.

तुलनेचा विधी स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. ध्वनीची बारीक स्मृती माणसाच्या मनात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, आणि एक हेडफोन उतरवून, चष्मा सारखा करून, वायर बदलून दुसरा चढवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. अर्थात तुलना होते ती समोरच्या आवाजाची आणि मागच्या आवाजाविषयी स्वतःच केलेल्या वर्णनाची. दोन आवाजांपैकी एक अगदी किंचित मोठा असला तर श्रोता त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो, हेही सुविदित आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की आवाज लहान असताना खर्जाचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर क्षीण भासतात; म्हणजे गृहिणीच्या विनंतीवरून आवाज खाली आणताच कालपर्यंत भरदार वाटणारा हेडफोन पोकळ वाटू लागतो आणि नवी खरेदी जवळ येते. डोळे बांधूनही सुटका नाही, कारण वजनावरून आणि गादीच्या स्पर्शावरून हेडफोन ओळखू येतो. ध्वनिसाधने बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच अडचणीवर मात करण्यासाठी एकाच हेडफोनमधून इतर हेडफोनांचे आवाज कृत्रिमरीत्या काढून ऐकवण्याची युक्ती योजावी लागली.

या मुद्द्यावर पंथात जहाल आणि मवाळ असे दोन गट पडलेले आहेत. जहाल गट आलेखावर विश्वास ठेवतो: कृत्रिम कानावर हेडफोन बसवून कोणता स्वर किती जोराने येतो याची जी रेषा काढतात, तिच्यापलीकडे सत्य नाही असे तो मानतो. मवाळ गट स्वतःच्या कानांचा हवाला देतो आणि ‘दोनशे तास वाजवल्याशिवाय हेडफोन उमलत नाही’ असे सांगतो; यांतील बहुतेक तास हेडफोन टेबलावर एकटाच वाजत असतो आणि उमलतात ते बहुधा मालकाचे कान, एवढेच येथे नमूद करणे पुरे. येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ साली अडीचशेहून अधिक हेडफोनांची मापे तपासून अशा रेषेचा आणि विक्रीच्या किमतीचा काही संबंध आढळत नाही असे प्रसिद्ध केले. दोन्ही गटांना हा निष्कर्ष मान्य आहे, मात्र तो दुसऱ्या गटाच्या हेडफोनांविषयी आहे असे दोघेही समजतात.

एवढ्या सिद्धतेनंतर तो ऐकतो तरी काय, हा प्रश्न साहजिकच आहे. घरात वडिलांनी जमवलेल्या अभिजात संगीताच्या ध्वनिफिती आहेत, त्यांचे डिजिटल रूपांतरही झालेले आहे. तरी परीक्षेसाठी वाजते ते ईगल्स या अमेरिकी वाद्यवृंदाने १९९४ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे मैफिलीतील रूप, कारण त्याच्या आरंभी ढोलाचे जे ठोके पडतात त्यांवरून खर्जाची खोली जोखण्याचा जगभर प्रघात आहे. गायनाला प्रारंभ होण्यापूर्वीच परीक्षा संपत असल्यामुळे त्या गाण्यात पुढे काय घडते हे अनेक श्रवणसुधारकांना ठाऊक नसते. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून मानवजातीची ओळख म्हणून अंतराळात धाडण्यात आली, तिच्याविषयी त्याला सार्थ अभिमान असतो, परंतु ती तो ऐकत नाही. एकाच मार्गावर मुद्रित झालेला असा जुना आवाज दोन्ही कानांत सारखाच येतो आणि नेमका डोक्याच्या मध्यावर उभा राहतो, त्यामुळे साउंडस्टेजवर झालेला सगळा खर्च त्या साडेतीन मिनिटांपुरता वाया जातो. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला तो अजूनही जातो. तेथे मंडपातील ध्वनिक्षेपकांचा ट्रेबल कानाला टोचतो, दुसरा तानपुरा नेमका कोठे आहे ते कळत नाही, आणि मागच्या रांगेतील बटाटेवड्याच्या कागदाचा आवाज मात्र अत्यंत सुस्पष्ट व खोलीसह ऐकू येतो, असा त्याचा अभिप्राय असतो.

जुन्या हेडफोनांच्या विक्रीविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ‘जेमतेम वापरलेला’ अशा वर्णनाने ते दुसऱ्या श्रवणसुधारकाकडे जातात, आणि वर्ष-दोन वर्षांनी ‘त्याच्यात जी गोष्ट होती ती यात नाही’ असा साक्षात्कार झाल्यावर थोड्या चढ्या भावाने परत येतात. एकच एचडी ६०० अशा रीतीने ठाणे आणि कल्याणच्या दरम्यान लोकलच्या पासधारकाप्रमाणे ये-जा करत राहतो.

या पंथाच्या वरच्या पायऱ्यांवर हवा विरळ होत जाते. जपानची स्टॅक्स कंपनी १९६० पासून स्थिरविद्युत तत्त्वावरचे हेडफोन करते, ज्यांत अतिशय पातळ पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये ताणलेला असतो आणि त्याला ५८० व्होल्टचा दाब दिलेला असतो. प्रवाह नगण्य असल्याने धोका नाही, परंतु भिंतीवरच्या प्लगच्या अडीचपट व्होल्ट कानाशी घेऊन झोपाळ्यावर बसलेल्या मुलाकडे पाहून वृद्ध मातोश्रींचे समाधान या खुलाशाने होत नाही. शिखरावर सेनहायझरचा २०१५ साली जाहीर झालेला एचई १ आहे, ज्याचा अ‍ॅम्प इटलीतील कराराच्या संगमरवरात बसवलेला असतो, बटण दाबताच त्यातून काचेच्या नळ्या वर येतात, आणि ज्याची किंमत प्रारंभीच पन्नास हजार युरोंच्या आसपास होती. श्रवणसुधारक तो घेत नाही. तो असतो म्हणून आपण काटकसरी ठरतो, एवढाच त्याचा उपयोग. वरच्या श्रेणीतील अनेक हेडफोन ४०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने होणाऱ्या स्वरापर्यंत, वाजतात अशी नोंद माहितीपत्रकात असते. पन्नाशीतल्या माणसाला १५,००० च्या वरचे फारसे काही ऐकू येत नाही. मांजराला ६०,००० च्या पुढचेही येते, त्यामुळे वस्तूचा पुरेपूर मोबदला घरात कोणाला मिळतो हे उघड आहे.

या सुधारणेला खरा खंड पडतो तो शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासामुळे. दिवसभर ब्रेकर आणि रात्री सिमेंट कालवणाऱ्या गाड्या सुरू झाल्या की अकरानंतरचा मुहूर्तही बुडतो, आणि श्रवणसुधारक ‘तात्पुरता’ म्हणून बंद पाठीचा, बाहेरचा गोंगाट विरुद्ध लहरींनी पुसून टाकणारा हेडफोन आणतो. चिरचिर थांबते, पंखा लागतो, पहिले काही दिवस घरात समाधान नांदते. मग गॅसवाला दारावरून परत जातो, दूध उतू जाते, मुलाच्या शाळेतून आलेला फोन वाजून थांबतो, आणि स्वयंपाकघरातून मारलेल्या चार हाका पोहोचल्याच नाहीत असे पाचव्या वेळी प्रत्यक्ष खांदा हलवल्यावर निष्पन्न होते. अशा एका संध्याकाळी पत्नी म्हणते, “तुमचा तो जाळीवाला होता तो काय वाईट होता? निदान हाक तरी ऐकू यायची. नवा घ्यायचा तर घ्या, पण उघडाच घ्या.” श्रवणसुधारकाच्या वैवाहिक जीवनात आगाऊ मिळालेली ही एकमेव मंजुरी असते, आणि न्यू जर्सीहून दिवाळीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत किती किलोची जागा शिल्लक आहे याची चौकशी त्याच रात्री सुरू होते.