उतईहून पीएचडी : नवशिक्यांसाठी सोपी वाट

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातल्या उतईत सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिस्त शिकवतात. ताटकळायला शिकायचं असेल तर मात्र पीएचडीच करावी लागते. गावात सरकारी कॉलेज आहे, 2015 पासून दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ आहे. ‘रायपूर लांब पडतं’ ही सबब आता चालायची नाही. लागा कामाला.

1. गाइड पकडा. नियमाने प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी मावतात. ‘जागा आहे का?’ असं विचारू नका. सरांच्या मुलीच्या लग्नात वाढपी कमी पडताहेत का, ते विचारा.

2. विषय कुठलाही घ्या, शेवटी ‘दुर्ग जिले के विशेष संदर्भ में’ लावा. 2012 साली दुर्गमधून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे निघाले. सरकारला त्यात दोन जिल्हे दिसले, तुम्हाला आणखी दोन प्रबंध दिसले पाहिजेत.

3. शंभर प्रश्नावल्या छापा. उन्हातान्हात फिरू नका, तब्येत जपा. घरच्यांनाच भरायला बसवा. फक्त दर चार-पाच कागदांमागे पेन बदला. नमुन्यात विविधता दिसते.

4. ‘शोधगंगे’वर देशभरचे प्रबंध फुकट वाचायला ठेवलेत. स्नान करा, घागर भरून आणू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द.

5. बडे बाबूंना रोज नमस्कार करा. ‘फाइल वर गेलीय’ म्हणाले तर जिने चढू नका. ती त्यांच्याच कपाटावर असते.

6. मुदतीची धास्ती नको. किमान 3 वर्षं, कमाल 6. वर 2 वर्षांची वाढ, बायकांना आणखी 2. तोवर स्थळं आणणाऱ्या मावशीला ‘थीसिस सबमिट होतोय’ एवढंच सांगा. वर्तमानकाळ सोडू नका.

7. व्हायवाला शाल, श्रीफळ, काजूकतली तयार ठेवा. प्रश्न अडला तर म्हणा, ‘सर, हीच तर पुढच्या संशोधनाची दिशा.’ परीक्षकांचीही परतीची गाडी असतेच.

अभिनंदन! दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ रंगवून घ्या. राहता राहिलं संशोधन. ते आता सवडीने करा. त्याला कुणाची सही लागत नाही.