अण्णांचे एकोणपन्नास हजार थर्मामीटर

आमच्या मजल्यावरच्या अण्णांना हल्ली कशालाही हात लावण्याआधी मोबाइल लावायचा असतो. निवृत्तीनंतर लोक गुडघे बदलून घेतात. अण्णांनी वीसेक हजारांत, मोबाइलच्या बुडाला खोचायचा थर्मल कॅमेरा घेतला. "कॅमेरा म्हणू नका. २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ थर्मामीटर आहेत!" हा गुणाकार आता आमच्या इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे. मध्येच 'टक्' वाजून चित्र थिजतं. "थांबा, स्वतःला सावरतोय तो," अण्णा कौतुकाने सांगतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी नुकतंच उतरवलेलं स्टीलचं पातेलं टिपलं. पडद्यावर निळंशार. "४८! निवलंय," म्हणत स्वतःच उचललं. मग नळाखाली बोटं धरून खुलासा: चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरची परत फेकतं, त्यामुळे पातेल्यात कॅमेऱ्याला दिसली ती गार भिंत. चूक पातेल्याची. वायरमनची काळी टेप चिकटवली की आकडा बराचसा खरा येतो, म्हणून आता काकूंच्या प्रत्येक भांड्याच्या गालावर तीट आहे. "पूर्वी मी नुसती वाफ बघायचे," काकू म्हणतात. "फुकट."

रात्री बंद खिडकीतून मांजर शोधायला गेले तर पडद्यावर दिसले अण्णाच. कपाळ लाल, नाक निळं. काचेतून ही उष्णता आरपार येत नाही. खिडकी उघडली. मांजर सापडलं नाही, डास आले.

हॉलच्या भिंतीवर निळा डाग दिसला तेव्हा मात्र प्रकरण वरच्या मजल्यावर गेलं. गळतीवरून तासभर वाद. प्लंबरने भिंत ठोकून पाहिली तर ठणठणीत कोरडी. तिथे एसीचा झोत लागत होता. "भिंतीच्या आतलं दिसत नसतं हो, वरवरचंच तापमान दिसतं," हे अण्णा वरच्यांना अशा सुरात समजावत होते की आरोप जणू त्यांनीच केला होता.

पण गणपतीत, रोषणाई ऐन भरात असताना, मीटरच्या खोलीत एक एमसीबी त्यांना लालभडक दिसला. "आकड्यावर जाऊ नका, दोन-चार अंश इकडेतिकडे होणार. शेजारच्यापेक्षा वेगळा का, ते बघा." वायरमनने वीज बंद करून उघडलं तर स्क्रू ढिला आणि वायरचं आवरण करपायला लागलेलं. त्या संध्याकाळी अण्णांना आरतीचा मान मिळाला. गुणाकारही कुणी मध्येच तोडला नाही.

परवा दुपारी बेल वाजली. मी लिहीत होतो. मुलाला खूण करून आतल्या खोलीत सटकलो.

"बाबा सकाळपासून बाहेर गेलेत," मुलगा म्हणाला.

"बरं," अण्णा म्हणाले. मग ऐकू आलं, 'टक्'.

"सकाळपासून? मग ही खुर्ची ३१ कशी?"

मी मुकाट्याने बाहेर आलो. अण्णांनी पडदा माझ्यापुढे धरला. "आकड्यावर जाऊ नका. शेजारच्या खुर्चीपेक्षा वेगळी का, ते बघा."