धोका कळवा, उद्या येऊ नका

४ मार्चला वसईतल्या वालीवच्या औद्योगिक गाळ्यांत सुरक्षा दिन होतो. बॅनर, शपथ, वडापाव, फोटो. फोटो निघाला की हेल्मेटं परत कपाटात. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली: घातक प्रक्रियेत जिवाला धोका वाटला तर कामगाराने व्यवस्थापनाला सांगावं, सोबत निरीक्षकालाही कळवावं. कंत्राटी पोरगा सांगतो. साहेबही तत्पर, कटकट लगेच दूर करतात. दुसऱ्या दिवशी पोरगा गेटबाहेर, मशीन जागेवर. तक्रारपेटी आहे म्हणा, चावी सुपरवायझरकडे. ९ एप्रिल २०२४ ला विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून मेले. त्या धोक्याची मात्र रीतसर लेखी नोंद झाली. पंचनाम्यात.